‘शिक्षणा’चे दोन कोटी डॉलर : एन्रॉन, दाभोळ आणि हवामानाचं धोरण



कन्नडमध्ये हवामानावर बोलायचं म्हटलं की आधी घाट आठवतो. ऑगस्ट २०२१ अखेरची ती रात्र इथं कुणाला नव्यानं सांगायला नको. औट्रम घाटात दरडी कोसळल्या, गाड्या जागच्या जागी अडकल्या, महामार्ग बंद पडला आणि खाली चाळीसगाव तालुक्यात पुराचं पाणी गावांत शिरलं. एका पावसाकडे बोट दाखवून ‘हे हवामान बदलामुळंच झालं’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि आम्हीही ते म्हणणार नाही. पण तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते आणि मग थोड्या वेळात जास्त पाऊस कोसळतो, एवढं भौतिकशास्त्र पक्कं आहे. मका आणि अद्रक घेणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आज मात्र आम्ही पावसाबद्दल बोलणार नाही आहोत. हवा तापू नये म्हणून जे नियम होतात, ते नियम लिहिताना टेबलाच्या पलीकडे कोण बसलेलं असतं, हा आजचा विषय आहे. त्याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे लॉबिंग. आपल्याकडे त्याचं भाषांतर पटकन ‘वशिला’ असं केलं जातं. ते पुरेसं नाही. वशिला लावून माणूस नियमातून सुटतो. लॉबिंग करून कंपनी नियमच आपल्या मापाचा शिवून घेते. पहिल्यात नियम तसाच राहतो. दुसऱ्यात नियमच बदलतो, आणि तो मग सगळ्यांना लागू होतो.

या विषयावर भाषणं झाली की एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. तेल आणि कोळशाच्या कंपन्या दुष्ट, त्यांनी हवामानाचं विज्ञान नाकारलं, नियम होऊ दिले नाहीत. ही गोष्ट खोटी नाही. १९८९ साली अमेरिकेत ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ नावाची आघाडी उभी राहिली. तेल, कोळसा, मोटारी बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या तिच्यात होत्या आणि क्योटो कराराला विरोध करणं हे तिचं मुख्य काम होतं. जुलै १९९७ मध्ये अमेरिकी सेनेटनं ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव करून सांगितलं, की विकसनशील देशांवर बंधन नसेल किंवा आमच्या अर्थव्यवस्थेला झळ बसणार असेल, तर असा करार आम्हाला नको. त्या ठरावामागे या आघाडीचाही जोर होता.

पण आम्हाला वाटतं, या गोष्टीनं आपली अर्धीच ओळख होते. यातून आपल्या मनात असं बसतं, की हवामानाच्या नियमाला विरोध करणारी कंपनी वाईट आणि पाठिंबा देणारी चांगली. या समजुतीला तडा देणारं उदाहरण शोधायला लांब जायला नको. ते महाराष्ट्रातलंच आहे, गुहागर तालुक्यातलं. एन्रॉन.

इथल्या वडीलधाऱ्यांना एन्रॉन म्हटलं की १९९५ ची निवडणूक आठवत असेल. प्रकल्प समुद्रात बुडवण्याची घोषणा आठवत असेल. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनची ही कंपनी. जून १९९२ मध्ये तिचे लोक मुंबईत आले आणि पाच-सहा दिवसांत, २० जूनला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. स्पर्धात्मक निविदा निघालीच नाही. दाभोळच्या खाडीजवळ, अंजनवेलच्या परिसरात दोन टप्प्यांत सुमारे २,००० मेगावॅटचा प्रकल्प ठरला. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेनं, हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं सांगून पैसा द्यायला नकार दिला. तरी ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झाला.

आता मध्ये काय घडलं? जागतिक बँक नाही म्हणते आणि आठ महिन्यांत सही होते, या दोन घटनांच्या मधली जागा कशानं भरली?

याचं उत्तर कंपनीनंच एका ठिकाणी देऊन ठेवलंय. जानेवारी १९९५ मध्ये एन्रॉनच्या उपाध्यक्ष लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढं साक्ष दिली. त्यात त्यांनी सांगितलं, की भारतात असे खासगी वीजप्रकल्प नवीन होते, आणि निव्वळ या शिक्षणाच्या व प्रकल्प जुळवण्याच्या कामावर कंपनीनं स्वतःचे सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. प्रत्यक्ष प्रकल्पाचा खर्च यात धरलेला नाही. तेव्हाच्या दरानं हे साठ कोटी रुपयांच्या वर जातात.

‘शिक्षण’ हा शब्द ऐकल्यावर महाराष्ट्रात गदारोळ झाला. ही लाचच आहे, असं म्हटलं गेलं. लाच दिल्याचं कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालं नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. आणि खरं सांगायचं तर लाचेच्या चर्चेत आपलं नुकसानच झालं. कुणी किती खाल्ले याच्या तपासात सगळे गुंतले आणि महत्त्वाचा प्रश्न मागं पडला. तो प्रश्न असा : समजा, दोन कोटी डॉलरमधली पै न् पै खरोखरच शिक्षणावर खर्च झाली. अभ्यासदौरे, सल्लागार, अहवाल, बैठका. तर मग शिकवलं काय?

ते करारात वाचायला मिळतं. करार म्हणजे त्या शिकवणीची उत्तरपत्रिकाच समजा. वीज घेतली किंवा न घेतली, प्रकल्प चालू स्थितीत असेल तर मंडळानं क्षमतेचे पैसे द्यायचेच. इंधन महागलं तर ती वाढ मंडळावर. दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला तर तोही बोजा मंडळावर. मंडळ पैसे देऊ शकलं नाही तर राज्य सरकारची हमी, आणि तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी. शेतीच्या भाषेत सांगायचं, तर भाव पडला तरी, पाऊस आला नाही तरी आणि माल विकला नाही तरी ज्याचे पैसे बुडत नाहीत, असा वाटेकरी. असं अर्धलीनं रान कुणी कसेल का?

पुण्याच्या ‘प्रयास’ गटातल्या अभ्यासकांनी त्या काळी या कराराचं गणित मांडून दाखवलं आणि धोक्याची सूचना दिली होती. मंत्रालयात ते गणित कुणाला येत नव्हतं असं नाही. पण करार सुरुवातीला लोकांपुढं ठेवलाच नव्हता. शिवाय वीज नियामक आयोग नावाची जागा तेव्हा अस्तित्वातच नव्हती; महाराष्ट्रात आयोग आला ऑगस्ट १९९९ मध्ये. म्हणजे ज्यांना ‘शिकवायचं’ होतं ते मोजके लोक होते, आणि ज्यांनी बिल भरायचं होतं त्यांना वर्गाबाहेर उभं केलं होतं.

पुढचा भाग बऱ्याच जणांना माहीत आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये मनोहर जोशी सरकारनं प्रकल्प रद्द केला. काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या सुरुवातीला प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत तेरा दिवसांचं सरकार होतं. त्या सरकारनं जाता जाता प्रतिहमीला मान्यता दिली. गुहागरकडे आंदोलन चालूच होतं. पोलिसांनी तिथल्या बायाबापड्यांवर, कोळणींवर केलेल्या कारवाईची दखल आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांनी आपल्या अहवालांत घेतली.

आता याच वर्षांत हीच कंपनी जगात दुसरीकडे काय करत होती ते पाहू. आमच्या दृष्टीनं आजच्या भाषणाचा गाभा इथं आहे.

ज्या १९९७ साली सेनेटनं क्योटोविरोधी ठराव केला, त्याच साली एन्रॉन क्योटोच्या बाजूनं उभी होती. त्या जानेवारीत तिनं पवनचक्क्या बनवणारी ‘झॉन्ड’ ही कंपनी विकत घेतली. सौरऊर्जेतही तिची भागीदारी होती. सेनेटच्या ठरावानंतर काही दिवसांतच, ४ ऑगस्टला, कंपनीचे प्रमुख केनेथ ले हे ऊर्जा कंपन्यांच्या इतर काही प्रमुखांबरोबर व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष क्लिंटन आणि उपाध्यक्ष गोर यांना भेटले. विषय होता क्योटो. डिसेंबरमध्ये क्योटोचा मसुदा मंजूर झाला, तेव्हा तिथं हजर असलेल्या एन्रॉनच्या माणसानं कंपनीला एक अंतर्गत टिपण पाठवलं. कंपनी बुडाल्यावर ते वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. त्याचा आशय असा, की वीज आणि गॅसच्या बाजाराची फेररचना सोडली, तर या कराराइतका आपल्या धंद्याला फायदा देणारा दुसरा नियम क्वचितच सापडेल.

यात गूढ काही नाही. कार्बनवर मर्यादा आली की कोळसा महागणार. नैसर्गिक वायू जाळताना कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून वायूला मागणी येणार, आणि एन्रॉनकडे वायूच्या पाइपलाइनी होत्या. दुसरं म्हणजे, कार्बनचे परवाने विकण्या-खरेदीचा बाजार सुरू झाला तर त्यात दलाल लागणार. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं गंधकाच्या वायूसाठी असा परवान्यांचा बाजार आणला होता आणि एन्रॉन त्यातली मोठी व्यापारी होती. हवेची काळजी वाटायला त्यांची हरकत नव्हती, पण त्यांना खरी काळजी बाजाराच्या नियमांची होती.

इथं एका सापळ्यापासून सावध राहायला हवं. हे टिपण बाहेर आल्यापासून हवामान बदल न मानणारे लोक ते नाचवत असतात : बघा, हवामान वगैरे सगळा कंपन्यांचा धंदा आहे! हा तर्क चुकीचा आहे. छत्रीवाल्याला पाऊस हवा असतो, म्हणून पाऊस खोटा ठरत नाही. एन्रॉनच्या पाठिंब्यानं क्योटो वाईट ठरत नाही, तसंच एक्सॉनच्या विरोधानं तो निर्दोषही ठरत नाही. विज्ञानाचा निकाल विज्ञानातच लागतो. आमचा मुद्दा वेगळा आहे. कंपनी हवामान धोरणाच्या बाजूची आहे की विरोधातली, हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोणतं कलम मागते आहे, हा खरा प्रश्न आहे.

आणि ते कलम वाचायला दाभोळसारखी जागा नाही. वॉशिंग्टनमध्ये ही कंपनी स्वच्छ वायूची भाषा बोलत होती. मे १९९९ मध्ये दाभोळचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा तिथं जाळलं जात होतं नाफ्था, म्हणजे पेट्रोलियमचाच एक प्रकार. द्रवरूप वायू आणायचं टर्मिनल अपुरंच होतं; ते प्रत्यक्ष चालू व्हायला २०१३ उजाडलं, तेव्हा एन्रॉन कधीच इतिहासजमा झाली होती. तेलाचे भाव चढले, रुपया १९९३ च्या ३१-३२ वरून ४७ पर्यंत घसरला, आणि इंधन व डॉलरची ती दोन कलमं कामाला लागली. काही महिन्यांत दाभोळची वीज युनिटमागं सात रुपयांच्या वर गेली. वीज मंडळ हा बोजा उचलू शकलं नाही. मे २००१ मध्ये खरेदी थांबली, प्रकल्प बंद पडला. माधव गोडबोले समितीनं त्याच वर्षी अहवाल देऊन सांगितलं, की हे राज्यकारभाराचं सर्व पातळ्यांवरचं अपयश आहे. लॉबिंग मात्र थांबलं नव्हतं. जून २००१ मध्ये सोनिया गांधी अमेरिकेत गेल्या असताना उपाध्यक्ष डिक चेनी यांनी त्यांच्यापुढं दाभोळच्या थकबाकीचा विषय काढला. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉननं दिवाळखोरी जाहीर केली.

एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. ‘तुम्ही टीका करता, पण महाराष्ट्राला वीज हवी होती. नंतर आपण बारा-बारा तास भारनियमन सोसलंच ना?’ हो, सोसलं. मराठवाड्यानं तर चांगलंच सोसलं. विजेची गरज खरी होती. पण म्हणूनच सांगतो, लॉबिंग गरज खोटी आहे तिथं होत नाही. गरज खरी आणि घाईची असते, तिथंच ते फळतं. तहानलेल्या माणसाला टँकरवाला भाव सांगतो तेव्हा तहान खोटी नसते.

आता आजकडे येऊ. आज गरज दुहेरी आहे. वीजही हवी आणि ती कमी कार्बनचीही हवी. म्हणजे शिकवणी घ्यायला जागाही दुप्पट.

एक नमुना आहे मुदतवाढीचा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं कोळशाच्या वीजकेंद्रांसाठी गंधकाच्या वायूचे नियम आणले, दोन वर्षांची मुदत दिली. हा विषय थेट हवामानाचा नाही, फुप्फुसांचा आहे. पण पद्धत तीच. खर्च जास्त, यंत्रं मिळत नाहीत, वीज महागेल, अशी कारणं वीज कंपन्यांकडून येत गेली आणि तारीख पुढं पुढं सरकत राहिली. शेवटी जुलै २०२५ मध्ये मोठ्या शहरांपासून आणि प्रदूषित पट्ट्यांपासून दूर असलेल्या, म्हणजे देशातल्या जवळपास ७८ टक्के केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. या कारणांत काहीच तथ्य नव्हतं असं आम्ही म्हणत नाही. पण दहा वर्षं नियम कागदावर ठेवून शेवटी त्यातला बहुतेक भाग सोडून देणं, यात धूर घेणाऱ्या गावाला कुणी विचारलं?

दुसरा नमुना आहे मोळीचा. मार्च २०२४ मध्ये महावितरणनं एकत्र निविदा काढली : ५,००० मेगावॅट सौर आणि १,६०० मेगावॅट औष्णिक. सप्टेंबरमध्ये ती अदानी समूहाला मिळाली. सरासरी दर ४ रुपये ८ पैसे. इथं दाभोळसारखी स्थिती नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. निविदा निघाली, विषय आयोगासमोर गेला. पण दर उलगडून पाहा. सौर विजेचा दर २ रुपये ७० पैसे, करार असेपर्यंत तेवढाच. कोळशाच्या विजेचा दर कोळशाच्या किमतीशी बांधलेला. म्हणजे ऊन कधी महागणार नाही, कोळसा महागला तर तो फरक ग्राहकाच्या बिलात. कोळशाच्या करारांत असं कलम नवीन नाही. पण सौरच्या मोळीत बांधलं की ते चटकन डोळ्यांत भरत नाही. बातमीत ‘हरित’ शब्द ठळक येतो आणि कलम आतल्या पानावर राहतं.

तिसरी गोष्ट आपल्या बांधावरची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळं शेतीला दिवसा वीज मिळू लागेल, आणि ही मागणी आपलीच जुनी आहे. रात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला दिवसाची वीज म्हणजे काय ते विचारा. गौताळ्याच्या कडेच्या गावांत तर बिबट्याची धास्ती वेगळीच. म्हणून आम्ही या योजनेच्या विरोधात नाही. पण भाडेपट्ट्यासाठी जमीन मागायला कुणी गावात आलं, की ‘पर्यावरण’, ‘देशसेवा’ हे शब्द ऐकून घ्या आणि मग शांतपणे कागद मागा. किती वर्षांचा पट्टा? कंपनी विकली गेली तर करार कुणाशी? भाडं थकलं तर काय? मुदत संपल्यावर पाया आणि तारा कोण काढणार? ही लहान दाभोळची कलमं आहेत असं समजा.

शेवटचं. दाभोळच्या वेळी नव्हती अशी एक जागा आज आपल्याकडं आहे. वीज नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावावर लोकांच्या हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. ती छत्रपती संभाजीनगरलाही झालेली आहे, म्हणजे इथून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर. कंपनीकडे वकील असतात, तक्ते असतात, शेकडो पानांची याचिका असते. समोरच्या बाकांवर उद्योगांच्या संघटना असतात, शहरातले काही जाणते ग्राहक असतात. खेड्यातला कृषिपंपाचा ग्राहक तिथं फार कमी दिसतो. कारण त्याला कुणी ‘शिकवलेलं’ नाही.

दोन कोटी डॉलर आपल्याकडं नाहीत. पण हेच काम आपल्याला उलट्या बाजूनं करता येईल. चार-सहा जणांनी बसायचं, याचिकेचा मराठी गोषवारा काढायचा, आपल्या फीडरवर खरोखर किती तास वीज येते त्याची वही ठेवायची, आणि एका पानाची हरकत लिहून पाठवायची. मान्य होईल याची खात्री कुणी देऊ नये, आम्हीही देत नाही. पण हरकत लेखी आली की आदेशात तिची नोंद घ्यावी लागते आणि उत्तर द्यावं लागतं. १९९३ साली गुहागरच्या माणसाला ही सोयसुद्धा नव्हती.

पुढच्या सुनावणीची जाहिरात वर्तमानपत्रात येईल. बारीक टायपात असते, पण येते. ती कापून ठेवा आणि या वाचनालयात आणा. आपण मिळून वाचू.